लाइट गेली की बरा चालतो

महाडात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवायचं म्हणजे वर्षातले चार महिने ओलाव्याशी भांडण. जून लागला की एकाच जातीच्या तक्रारी सुरू होतात: चालू होत नाही, बीप वाजतो, स्क्रीन काळी. कॅबिनेट उघडायचं, रॅमची पट्टी काढायची, तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवायचा, सॉकेट ब्रशने झटकायचं, पट्टी परत बसवायची. बरीचशी मशिनं एवढ्यावर उठतात. गिऱ्हाईक समोर उभं असेल तर खोडरबर जरा जास्त वेळ फिरवावा लागतो. दोन मिनिटांत झालेल्या कामाचे दोनशे रुपये द्यायला कुणाचा हात खिशाकडे वळत नाही.

2021 च्या जुलैने या धंद्याचा चेहरामोहराच बदलला. 22 तारखेला, ज्या दिवशी तळिये गावावर दरड आली, त्याच दिवशी सावित्री आणि गांधारी या नद्या शहरात शिरल्या आणि बाजारपेठेतल्या दुकानांत पाणी माणसाच्या डोक्यावर गेलं. नंतर माझ्याकडे आलेल्या कॅबिनेटांतून आधी गाळ काढावा लागे. हार्ड डिस्क तेवढ्या सोडवायच्या, त्यांचे बोर्ड पुसून वाळवायचे आणि देवाचं नाव घेऊन जोडायच्या. ज्यांची मशिनं गेली त्यांतल्या पुष्कळांनी पुढे पुण्या-मुंबईच्या ऑफिसांतून निघालेली रिफर्बिश्ड मशिनं घेतली. अंगाने दणकट, पण रॅम चार जीबी आणि वर विंडोज 10. तिचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, तरी आमच्याकडे अजून तीच चालते, कारण त्या जुन्या प्रोसेसरवर 11 रीतसर चढत नाही.

साहजिकच ‘मशीन स्लो झालंय’ ही तक्रार बारमाही झाली. तिच्यावर आमच्या धंद्यात दोन रामबाण उपाय आहेत: फॉरमॅट मारा, नाहीतर रॅम वाढवा. दोन्हींत दुकानदाराला डोकं लावावं लागत नाही आणि गिऱ्हाइकाला काहीतरी हातात पडल्यासारखं वाटतं. दहातल्या पाच जणांना त्याने बरंही वाटतं, हे कबूल करायला हवं. चार जीबीवर क्रोम उघडून त्यात डझनभर टॅब ठेवणाऱ्याला रॅमच हवी असते, त्यात शोधायचं काही नसतं.

पण एक तक्रार अशी असते की तिथे हे दोन्ही उपाय फुकट जातात. मशीनवर काहीही उघडलेलं नाही. टास्क मॅनेजर मेमरी नव्वद टक्के दाखवतोय. खाली प्रोग्रॅमची यादी आहे, तिची बेरीज केली तर दोन जीबीसुद्धा भरत नाही. मग उरलेली कुणी खाल्ली?

याची सरळ उत्तरं आधी तपासून घ्यावी लागतात. पट्टी आठ जीबीची आणि विंडोज 32 बिटची असेल तर सव्वातीन जीबीच्या आसपासच हाती लागते, बाकीची असून नसल्यासारखी. बोर्डावरचं ग्राफिक्स आपला वाटा आधीच बाजूला काढून ठेवतं, तो ‘हार्डवेअर रिझर्व्हड’ म्हणून दिसतो. काही जण ‘फ्री’ मेमरी शून्य बघूनच घाबरतात. विंडोज पुढे लागेल म्हणून फायली मेमरीत धरून ठेवते आणि कुणी मागितली की सोडते, त्यामुळे बघायचा तो ‘अव्हेलेबल’चा आकडा. तो बघायचं सोडून ‘रॅम बूस्टर’ टाकणाऱ्यांचं मशीन आणखी हळू होतं. बिरवाडीच्या एका पोराच्या मशीनवर फुकटच्या गेमबरोबर मायनर आला होता. मोनेरो नावाचं आभासी चलन खणणाऱ्या या प्रकाराला नोव्हेंबर 2019 पासून दोन जीबीहून जास्त मेमरी लागते, आणि हा तर टास्क मॅनेजर उघडला की स्वतःहून गप्प बसायचा. असले चोर पकडायला मजा येते. पण ते शेवटी प्रोग्रॅमच, कुठल्या ना कुठल्या नावाने यादीत येतातच.

पोलादपूरच्या काकांचं मशीन यांतल्या कशातच बसत नव्हतं.

काका एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीच्या स्टोअरमधून रिटायर झालेले. घर पोलादपूर बाजारातून महाबळेश्वरच्या रस्त्याला लागलं की थोडं आत. कॉम्प्युटरवर गावच्या मंडळाचा हिशोब ठेवतात: मुंबई मंडळाची वर्गणी वेगळी, ग्रामीण मंडळाची वेगळी, पालखीचा खर्च वेगळा. संध्याकाळी यूट्यूबवर भजनं आणि रविवारी मुलीशी व्हिडिओ कॉल. एवढ्या कामाला ते मशीन भरपूर होतं. त्यांचा फोन आला तेव्हा गणपती तोंडावर होते आणि मुंबईहून येणाऱ्यांपुढे जमाखर्च ठेवायचा होता.

“अरे, हे मशीन भरत जातं,” काका म्हणाले. “सुरुवातीला ठीक असतं. मग रोज थोडं थोडं भरतं. आठ दिवसांनी एक्सेल उघडायला चहा होऊन जातो.”

स्लो म्हणणारे शंभर भेटतात. ‘भरत जातं’ म्हणणारा माणूस नोंद ठेवणारा असतो. मी सांगितलं, “काका, आता ते बंद करू नका आणि रीस्टार्ट तर मुळीच करू नका. मी येईपर्यंत आहे तसं राहू द्या.” लोक आम्ही पोचायच्या आत मशीन बंद-चालू करून ठेवतात, पाहुणे यायच्या आधी घर आवरतात त्या चालीवर, आणि बघण्यासारखं जे असतं ते सगळं पुसलं जातं.

गेलो तेव्हा मशीन हुंदके देत होतं. माउस हलवला की बाण दोन सेकंदांनी हलायचा. आठ जीबीपैकी सव्वासात वापरात. चारची आठ जीबी आधीच्या कुणी करून दिली होती आणि एकदा फॉरमॅटही मारून झालं होतं. चार जीबी असताना चौथ्या दिवशी अडकायचं, आठ केल्यावर आठव्या-नवव्या दिवशी. म्हणजे खाणारा तोच होता, फक्त ताट मोठं झालं होतं.

मी काही विचारायच्या आत आतून काकी म्हणाल्या, “लाइट गेली की बरा चालतो हो तो. इन्व्हर्टर आणला नि बिघडला.”

काका वैतागले. “तुला काय त्यातलं कळतं?” मग मला म्हणाले, “इलेक्ट्रिशियनला विचारलं. अर्थिंग बरोबर आहे म्हणाला.”

घरातला जो माणूस मशीनला हात लावत नाही, त्याला मी हमखास विचारतो. बसणाऱ्याचं लक्ष कामात असतं, बाकीच्यांना मशीन बाहेरून दिसतं. काकींनी सांगितलं ते असं: मेमध्ये इन्व्हर्टर घेतला. त्याआधी वळवाच्या दिवसांत लाइट रोज एकदा तरी जायची, मशीन धाडकन बंद पडायचं, आणि लाइट आल्यावर लावलं की नव्यासारखं पळायचं. इन्व्हर्टर आल्यापासून ते कधी धाडकन बंद पडलंच नाही आणि तेव्हापासून रडतंय.

हे ऐकून इन्व्हर्टरवर संशय घेणं सोपं होतं. मी टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सच्या पानावर गेलो आणि सीपीयूखालचा ‘अप टाइम’ बघितला. मशीन सुरू होऊन अकरा दिवस झाले होते.

“शक्यच नाही,” काका ताठ झाले. “रोज रात्री साडेनऊला मी स्वतः शट डाउन करतो. काळी स्क्रीन झाल्यावर बटण बंद करतो.” चाळीस वर्षं स्टोअरला कुलूप लावलेल्या माणसाला तू रात्री दार उघडं टाकतोस असं कुणी म्हणावं, तसा त्यांचा चेहरा झाला.

दोघंही खरं बोलत होते, मशीन आणि काका. 2012 साली विंडोज 8 आली तेव्हापासून ‘शट डाउन’ म्हटलं की सगळं बंद होत नाही. उघडे प्रोग्रॅम बंद होतात, लॉग ऑफ होतं, पण खालचा गाभा, म्हणजे कर्नल आणि त्याला चिकटलेले ड्रायव्हर, जसाच्या तसा हार्ड डिस्कवर लिहून ठेवला जातो. सकाळी बटण दाबलं की तोच परत उचलून मेमरीत आणला जातो. नाव फास्ट स्टार्टअप. मशीन लवकर सुरू होतं, लोक खूश होतात. पण काल रात्री त्या गाभ्याने जेवढी मेमरी अडवून ठेवली होती तेवढी आज सकाळीही अडलेलीच. ती खरोखर सुटते ती रीस्टार्ट केल्यावर, नाहीतर शिफ्ट दाबून शट डाउन केल्यावर. किंवा चालू मशीनची लाइट गेल्यावर! मग लिहून ठेवायला वेळच मिळत नाही आणि पुढच्या वेळी गाभ्याला पहिल्यापासून उठावं लागतं. काकींचं निदान शब्दन् शब्द बरोबर होतं. अपडेट आले की विंडोज स्वतःहून रीस्टार्ट मागते, पण डेटा वाचावा म्हणून मुलीने कनेक्शन ‘मीटर्ड’ करून दिलं होतं, त्यामुळे तेही महिनोन्महिने येत नव्हते.

इथे थांबलो असतो तर काम झालंच असतं. फास्ट स्टार्टअप बंद करायचं, रोज रात्री पाटी कोरी. पुष्कळ जण हेच सांगतात. मला ते पटत नाही. रोज कोण किती नेतो ते न बघता रोज नवा साठा भरण्यातला हा प्रकार.

म्हणून मेमरीच्या पानावर खाली गेलो. तिथे कोपऱ्यात बारीक अक्षरांत दोन ओळी असतात, त्यांच्याकडे सहसा कुणी बघत नाही: पेज्ड पूल आणि नॉन-पेज्ड पूल. दुसऱ्या ओळीत साडेचार जीबी. घरगुती मशीनवर तो आकडा काहीशे एमबीत असतो. पूल म्हणजे कर्नल आणि ड्रायव्हर यांना गरजेपुरती मेमरी देण्यासाठी ठेवलेला साठा. त्यातला नॉन-पेज्ड भाग कधीही हार्ड डिस्कवर सरकवता येत नाही, कारण ड्रायव्हरला तो अशा क्षणी लागतो की डिस्कची वाट बघायला सवड नसते. आणि हा वापर कुठल्याच प्रोग्रॅमच्या नावावर पडत नाही. यादीतलं सगळं बंद केलं तरी एक एमबी कमी होत नाही ते यामुळे.

मेमरी घ्यायची आणि सोडायची विसरायची, हा रोग घरच्या मशीनपुरता नाही. लंडनच्या ॲम्ब्युलन्स सेवेची कॉम्प्युटर यंत्रणा 4 नोव्हेंबर 1992 च्या पहाटे आधी हळू झाली आणि मग ठप्प झाली. चौकशीत निघालं की सुमारे तीन आठवड्यांपूर्वी प्रोग्रॅमरकडून राहून गेलेल्या एका तुकड्यामुळे, गाडी रवाना झाली की दर वेळी सर्व्हरची थोडीशी मेमरी अडकत होती. एका गाडीमागे नगण्य. तीन आठवड्यांच्या गाड्यांनी सर्व्हर भरला. काकांच्या घरी कुणाचा जीव टांगणीला नव्हता एवढाच फरक.

आता प्रश्न होता की हे साडेचार जीबी कुणाचे. माझ्या पेनड्राइव्हवर पूलमॉन नावाचा मायक्रोसॉफ्टचाच एक लहानसा प्रोग्रॅम असतो. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांच्या किटमध्ये मिळतो. काळी खिडकी, पांढरी अक्षरं, एकही चित्र नाही. ड्रायव्हर पूलमधून मेमरी घेतो तेव्हा चार अक्षरांची खूण लावतो, आणि पूलमॉन प्रत्येक खुणेपुढे आकडे दाखवतो: किती वेळा घेतली, किती वेळा सोडली, फरक किती, एकूण बाइट किती. ‘बी’ दाबलं की सगळ्यात जास्त खाणारा वर येतो, ‘पी’ने नॉन-पेज्ड तेवढेच राहतात.

इतका वेळ मागे उभे असलेले काका खुर्ची ओढून पुढे आले. चष्मा कपाळावरून नाकावर आला. त्यांना काळी खिडकी मुळीच परकी वाटली नाही.

“हा इश्यू,” त्यांनी पहिल्या रकान्यावर बोट ठेवलं. “हा रिटर्न. हा बॅलन्स.”

“बरोबर.”

“मग हा बघ. इश्यू घेतोय, घेतोय, रिटर्न नावालासुद्धा नाही.” पहिल्या ओळीचा फरक डोळ्यांदेखत वाढत होता. “कोण आहे हा? पूर्ण नाव का लिहीत नाही?”

“चारच अक्षरं लिहायची पद्धत आहे.”

“आमच्याकडे डिपार्टमेंट कोड असायचे. स्लिपवर कोड बघायचा आणि मास्टरमध्ये शोधायचं. याचं मास्टर कुठंय?”

मास्टर असतं, पण त्यात मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या खुणाच बहुतेक. बाहेरच्या ड्रायव्हरची खूण शोधायची तर विंडोजच्या ड्रायव्हर फोल्डरमधल्या प्रत्येक फायलीच्या पोटात ती चार अक्षरं आहेत का ते बघायचं. फाइंडस्टर नावाची कमांड ते करते. त्या रडणाऱ्या मशीनवर तिला बराच वेळ लागला. तोवर काकींनी घावणे आणि चहा आणला, आणि इन्व्हर्टर परत करायचा का ते विचारलं. मी नको म्हणालो.

फाइल सापडली ती वाय-फायच्या ड्रायव्हरची. राउटर पुढच्या पडवीत, मशीन मागच्या खोलीत, मधे दोन जाड भिंती. म्हणून कॅबिनेटच्या मागे नखाएवढा यूएसबी डोंगल लावलेला होता, निळा दिवा लुकलुकत होता. त्याच्याबरोबर आलेल्या सीडीवरून ड्रायव्हर टाकलेला. फॉरमॅट मारणाऱ्यानेही नंतर इमाने-इतबारे तीच सीडी टाकली होती. फॉरमॅटनंतर पहिले दिवस मशीन छान आणि मग पुन्हा तेच, याचा उलगडा त्यातच झाला.

खात्री करायला काकांना भजन लावायला सांगितलं. व्हिडिओ सुरू झाला तशी ती ओळ सरसर चढायला लागली. थांबवला, मंदावली. पुन्हा लावला, पुन्हा चढली. काकांनी हा खेळ माझ्यापेक्षा जास्त वेळा केला. मग मी डोंगल उपटला. आकडा जागच्या जागी थांबला, पण खाली आला नाही. देणाऱ्याकडे परत जमा करणारा आता हजरच नव्हता. रीस्टार्ट केल्यावर नॉन-पेज्ड पूल एकशे नव्वद एमबी.

त्या डोंगलच्या कंपनीने नवा ड्रायव्हर काढलेला नव्हता. दुसरा डोंगल आणावा, की केबल ओढावी? मी केबलच्या बाजूचा. पडवीपासून मागच्या खोलीपर्यंत वाशांच्या कडेने पंधरा मीटर लॅन केबल, केसिंग पट्टीच्या आतून, कारण उघडी केबल पोलादपूरचे उंदीर एका पावसाळ्यात साफ करतात. भिंत मातीची आणि हातभर जाड, ड्रिलचा बिट अर्ध्यातच संपला. शेवटी काकांनी खिडकीच्या चौकटीतलं जुन्या टीव्हीच्या केबलचं भोक दाखवलं. दोन्ही टोकांना कनेक्टर क्रिंप केले, टेस्टरवर आठही दिवे लागले.

फास्ट स्टार्टअप मात्र मी मुद्दाम आठवडाभर चालूच ठेवलं. आणखी कुणी खाणारा असेल तर त्याला दिवस मिळायला हवेत, रोज पाटी पुसली तर तो दिसणारच नाही. आठवड्याने फोनवरून काकांकडून बंद करून घेतलं. मशीन सुरू व्हायला आता थोडा जास्त वेळ लागतो. काका तेवढ्यात देवाला उदबत्ती लावतात.

पैशांचा विषय निघाला तो बिलावर. काकांना बिल लागतंच आणि त्यात प्रत्येक नग वेगळा लागतो. केबल, कनेक्टर, पट्टी, खिळे, मजुरी, एवढं मी लिहिलं. काकांनी वरून खालपर्यंत वाचलं.

“आणि ते इश्यू-रिटर्न बघितलंस त्याचे?”

त्याचा दर आमच्याकडे नाही. गिऱ्हाईक पट्टीचे पैसे देतं, केबलचे देतं, खोडरबराचेसुद्धा देतं. दोन तास काळ्या खिडकीकडे बघत बसल्याचे कुणी का द्यावेत? म्हणून तर फॉरमॅट मारणारे फॉरमॅट मारतात, त्यांना तरी दोष कसा द्यायचा. अर्ध्या तासात पाचशे रुपये मोकळे होतात आणि गिऱ्हाईक परत आलं तर पुन्हा पाचशे. ज्याला कारण शोधायची खोड आहे त्याने ती स्वतःच्या खर्चाने भागवायची, असा या धंद्याचा अलिखित नियम आहे. मी हे सगळं बोललो नाही, नुसता मान हलवून गप्प बसलो.

“आमच्याकडे बाहेरून इंजिनिअर आला की ‘व्हिजिट’ म्हणून वेगळी लाइन असायची,” काका म्हणाले. “व्हिजिट लिही. रक्कम तू टाक, मग मी बघतो.” मी टाकली. त्यांनी पन्नास रुपये कमी केले, स्टोअरचा हात. तेव्हापासून माझ्या बिलबुकात व्हिजिटची लाइन आहे. महाडात ती लोक खोडायला लावतात, पोलादपुरात चालते.

वाढवलेल्या चार जीबीचं काय, हेही त्यांनी विचारलं. फुकट गेली का? नाही, कामाला येईल, पण या दुखण्यावर तिचा उपयोग नव्हता, एवढं सांगितलं. काकींनी इन्व्हर्टरची माफी मागितली नाही. लाइट गेली की बरा चालायचा हे खरंच होतं, असं त्या अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

आता काका रोज रात्री शट डाउन करायच्या आधी नॉन-पेज्ड पूलचा आकडा वहीत लिहितात. तारीख, वेळ, एमबी, शेरा. एकशे नव्वदचे दोनशे दहा झाले त्या रात्री मला फोन आला. मी म्हटलं, एवढं वर-खाली होतंच. ते त्यांना पटेना. “लिमिट सांग. मिनिमम लेव्हल, मॅक्झिमम लेव्हल. त्याशिवाय रजिस्टर काय कामाचं?” मी पाचशे सांगितलं. दिवाळीत प्रिंटर जोडला तेव्हा दोनशे चाळीस झाले, त्याचाही फोन आला, पण फक्त कळवायला.